बामियानच्या कोनाड्यात कोणता बुद्ध उभा करायचा?

मध्य अफगाणिस्तानातील बामियानचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 मीटर उंचीवर आहे. खोऱ्याच्या उत्तरेला तांबूस खडकाचा एक लांबच लांब उभा कडा आहे आणि त्यात शेकडो गुंफा व दोन प्रचंड कोनाडे कोरलेले आहेत. 2001 च्या मार्चपर्यंत या कोनाड्यांत बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती होत्या. पश्चिमेची मोठी मूर्ती युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे 55 मीटर आणि पूर्वेची लहान मूर्ती 38 मीटर उंच होती. जुन्या लिखाणात हेच आकडे 53 आणि 35 असे आढळतात. ज्या वास्तूची उंचीदेखील पुस्तकागणिक दोन-तीन मीटरने बदलते, ती नष्ट झाल्यावर अचूकपणे पुन्हा कशी मांडायची, हा या प्रकरणाचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता आणि त्याच्याकडे लक्ष फार उशिरा गेले. तो असा की, ही मूर्ती नेमकी कोणत्या काळातली मांडायची?

तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याने फेब्रुवारी 2001 च्या अखेरीस देशातील सर्व मूर्ती नष्ट करण्याचा आदेश काढला आणि मार्चमध्ये बामियानच्या मूर्तींवर आधी तोफा व विमानवेधी तोफांचा मारा झाला. तेवढ्याने काम होईना, तेव्हा खडकात स्फोटके भरून त्या उडवण्यात आल्या. हे काम एका दिवसात झाले नाही; त्याला अनेक दिवस लागले. शेवटी कोनाड्यांच्या तळाशी दगडमातीचे ढीग आणि मागच्या भिंतीवर मूर्तींच्या बाह्यरेषेच्या खुणा तेवढ्या उरल्या. लहान मूर्तीच्या डोक्यावरच्या छतावर रथारूढ सूर्यदेवतेचे भित्तिचित्र होते, तेही गेले.

हाती काय होते

मूर्ती पुन्हा उभारण्याची भाषा जगभर सुरू झाली आणि झुरिच येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठातील आर्मिन ग्रून, फाबिओ रेमोंदिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीची संगणकीय पुनर्रचना हाती घेतली. यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत छायाचित्रमापनाची, म्हणजेच फोटोग्रामेट्रीची होती. तिचे तत्त्व साधे आहे. एकच बिंदू दोन वेगवेगळ्या जागांवरून टिपलेल्या छायाचित्रांत ओळखता आला आणि कॅमेरे कुठे होते व त्यांच्या भिंगाचे केंद्रांतर किती होते हे कळले, तर दोन्ही छायाचित्रांतून त्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषा अवकाशात जिथे छेदतात तिथे तो बिंदू असतो. असे हजारो बिंदू मिळाले की पृष्ठभाग तयार होतो. मूर्ती समोर उभी असेल तर हे काम आज कोणीही शिकाऊ विद्यार्थी करू शकतो. मूर्ती नाहीशी झाली असेल, तर मात्र जी छायाचित्रे पूर्वी कोणी काढून ठेवली असतील तेवढ्यांवरच भागवावे लागते.

या गटाकडे तीन प्रकारची छायाचित्रे होती. पहिला प्रकार इंटरनेटवर सापडलेल्या छायाचित्रांचा. ती कोणत्या कॅमेऱ्याने काढली, कडा किती कापल्या, ती कोणत्या वर्षीची आहेत, यांपैकी काहीच माहीत नव्हते, शिवाय त्यांचा आकार लहान होता. दुसरा प्रकार एका पर्यटकाने 1960 च्या दशकात काढलेल्या छायाचित्रांचा. तिसरा प्रकार मात्र निराळाच होता. ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्रविद्यापीठाचे रॉबर्ट कोस्तका यांनी 1970 च्या ऑगस्टमध्ये मोजणीच्याच हेतूने, फोटो-थिओडोलाइट कॅमेऱ्याने काचपट्ट्यांवर मोठ्या मूर्तीची तीन छायाचित्रे घेतली होती. अशा कॅमेऱ्याचे केंद्रांतर मोजलेले असते आणि प्रतिमेच्या कडांना ठरावीक खुणा उमटलेल्या असतात, त्यामुळे प्रतिमेवरील प्रत्येक बिंदूचे स्थान विश्वासाने सांगता येते. कोस्तका यांनी या छायाचित्रांवरून मूर्तीचा समोच्चरेषांचा आलेखही 1974 मध्ये प्रसिद्ध केला होता. हा आलेख महत्त्वाचा ठरला, कारण छायाचित्रांच्या जोडीतून मूर्तीचा आकार निघतो पण माप निघत नाही; ते कुठून तरी बाहेरून आणावे लागते. या आलेखावरून काही नियंत्रणबिंदू घेऊन मूर्तीला तिचे माप परत मिळाले.

विध्वंसाच्या तीस वर्षे आधी एका माणसाने पुढे कधी लागेल याची कल्पनाही नसताना काम नीट करून ठेवले, यावर ही सगळी पुनर्रचना उभी आहे. डिजिटल तंत्राचे कौतुक होताना ही गोष्ट सहसा मागे पडते.

घडी कोणी ओळखली?

तिन्ही प्रकारांच्या छायाचित्रांपासून स्वतंत्र प्रतिकृती बनवून पाहण्यात आल्या. इंटरनेटवरच्या छायाचित्रांतून मूर्तीचा ढोबळ आकार निघाला. पण मोजमापासाठी विसंबता आले ते 1970 च्या काचपट्ट्यांवरच. तिथेही एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या मते ती या प्रकरणातील सर्वांत बोलकी आहे. संगणकाने दोन छायाचित्रांतील सारखे भाग आपोआप जुळवून जो पृष्ठभाग तयार केला, तो एकंदरीत बरोबर होता. परंतु त्यात चीवराच्या घड्या नव्हत्या. या घड्या जेमतेम 5 ते 10 सेंटिमीटर रुंदीच्या होत्या, आणि आपोआप जुळणी करणारी रीत प्रत्येक बिंदूभोवतीचा तुकडा सरासरीने पाहत असल्यामुळे त्या सपाट होऊन गेल्या. अंगाला चिकटलेल्या ओल्या वस्त्रासारखे चीवर हे तर गांधार परंपरेतून आलेल्या या मूर्तीचे मुख्य लक्षण. ते पुसले गेले असते तर उरली असती ती माणसाच्या आकाराची एक गुळगुळीत शिळा.

म्हणून गटाने पुन्हा हाताने मोजणी केली. सुमारे 20 सेंटिमीटरच्या अंतराने आडव्या छेदरेषा घेऊन त्यांवर माणसाने एकेक बिंदू नोंदवला आणि प्रत्येक घडीची कड स्वतंत्र रेषा म्हणून आखली. या मोजणीची सापेक्ष अचूकता एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पोचली, असे त्यांनी नोंदवले आहे. या प्रतिकृतीवरून ईटीएचमध्येच 1:200 या प्रमाणात एक भौतिक नमुनाही यंत्राने कोरण्यात आला. त्यातली मूर्ती साधारण 27 सेंटिमीटरची भरते.

हाताने केलेली मोजणी यंत्राच्या मोजणीहून चांगली ठरली, याचा अर्थ यंत्र कमी पडले एवढाच नाही. माणसाने घडी ओळखली, कारण घडी म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. सावलीची रेषा, खडकाची भेग आणि वस्त्राची घडी यांतला फरक त्याने ठरवला, आणि असे ठरवणे हा अर्थ लावण्याचाच प्रकार आहे. त्यात गैर काही नाही. प्रत्येक पुरातत्त्वीय रेखाचित्रात ते असतेच. मात्र रेखाचित्र पाहणाऱ्याला समजते की हे कोणाच्या तरी हातचे आहे, आणि पडद्यावर फिरणारी त्रिमितीय मूर्ती पाहणाऱ्याला तसे वाटत नाही. तो तिला मूर्तीच समजतो.

आता ही मूर्ती कशी घडवली होती ते पाहू, कारण त्यावरून पुढचा मुद्दा उलगडतो. धड कड्यातूनच ढोबळपणे कोरले होते. त्यावर भुसा, काड आणि प्राण्यांचे केस मिसळलेल्या मातीच्या गिलाव्याचे थर चढवले होते; मोठ्या मूर्तीच्या घड्यांना आकार देण्यासाठी खडकात लाकडी खुंट्या ठोकून त्यांना दोर बांधले होते आणि त्यावर माती लिंपली होती. गिलाव्यावर रंग होता. कोस्तका यांनी 1970 मध्ये कॅमेरा लावला तोवर शतकांच्या पावसाने, बर्फाने आणि माणसांनी यातले पुष्कळ काही नाहीसे केले होते. कोपरांपुढचे हात नव्हते, पायांची पडझड झालेली होती, रंग जवळजवळ गेला होता आणि ओठांच्या वरचा चेहरा सरळ कापल्यासारखा नाहीसा झालेला होता. तो मूर्तिभंजकांनी काढला की तिथे मुळातच लाकडी मुखवटा बसवलेला होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

आणखी एक बाब आहे. 1969 ते 1977 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक आर. सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली बामियानला डागडुजीचे काम करत होते. 1970 ची छायाचित्रे याच कालखंडातली आहेत. तेव्हा त्यांवर विसंबून केलेल्या प्रतिकृतीत दिसणारी एखादी कड सहाव्या-सातव्या शतकातील शिल्पकाराची, नंतरच्या झिजेची की विसाव्या शतकातील गवंड्याची, हे दर वेळी दुरुस्तीच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. छायाचित्र स्वतः ते सांगत नाही.

थोडक्यात, झुरिचची प्रतिकृती ही 1970 मधील मोठ्या मूर्तीची प्रतिकृती आहे. ती बामियानच्या बुद्धाची प्रतिकृती आहे असे म्हटले की लगेच चूक सुरू होते.

विध्वंसाने उघडलेली मूर्ती

यानंतर या प्रकरणाला एक विचित्र वळण लागले. मूर्ती उभ्या होत्या तोवर त्यांच्या आतल्या मातीचा नमुना कोणी काढला नसता; त्या फुटल्यावर हजारो तुकडे हाती आले. स्मारकांच्या जतनासाठी काम करणाऱ्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने जर्मन तज्ज्ञांनी ढिगाऱ्यातले तुकडे गोळा करून झाकून ठेवले आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात एर्विन एमरलिंग यांच्या गटाने त्यांतील गिलाव्याची व रंगाची तपासणी केली. गिलाव्यातल्या सेंद्रिय द्रव्यांवरून लहान मूर्तीचा काळ इ.स. 544 ते 595 आणि मोठीचा 591 ते 644 असा निघाला. त्याआधी या मूर्तींचा काळ शैलीवरून ठरवला जाई आणि त्यात शतकांचा फरक पडे.

रंगांची गोष्ट तर आणखी अनपेक्षित निघाली. सुरुवातीला चीवराची बाहेरची बाजू गुलाबी आणि आतली गर्द निळी होती. नंतर बाहेरून झळझळीत नारिंगी रंग दिला गेला. पुढच्या एका टप्प्यात मोठी मूर्ती तांबडी व लहान मूर्ती पांढरी रंगवली गेली, आणि आतल्या बाजूला फिकट निळा रंग आला. म्हणजे जिला आपण मूळ मूर्ती म्हणतो तिचीही एकापाठोपाठ अनेक रूपे होती, आणि ज्यांनी ती रंगवली त्यांना आधीचे रूप जपण्याची गरज वाटली नव्हती.

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इ.स. 630 च्या सुमारास बामियानला आला होता. राजनगरीच्या ईशान्येला डोंगरउतारावर चिनी मापाने 140 ते 150 फूट उंचीची उभी बुद्धमूर्ती असून तिचा सोनेरी रंग आणि अलंकार झळाळतात, असे त्याने लिहून ठेवले. लहान मूर्ती त्याला पितळेसारख्या धातूची, भाग वेगवेगळे ओतून जोडलेली वाटली. हे वर्णन पूर्वी अतिशयोक्तीचे मानले जाई. म्युनिकच्या तारखा समोर ठेवून ते पुन्हा वाचले की लक्षात येते की त्याने मोठी मूर्ती पाहिली तेव्हा ती जुनी नव्हतीच. फार तर एखाद्या पिढीपूर्वी पूर्ण झालेली असावी. गिलावा धड होता, रंग ताजा होता. त्याला धातू वाटला तो बहुधा खरोखर तसा दिसत असावा.

आता पुनर्रचना करणाऱ्याला मोह होणे स्वाभाविक आहे. 1970 चा आकार आहे, म्युनिकचे रंग आहेत, ह्युएन त्संगची झळाळी आहे, चेहऱ्यासाठी गांधारच्या इतर मूर्ती आहेत, हातासाठी अभयमुद्रा आहे. हे सगळे एकत्र केले तर डोळे दिपवणारी मूर्ती तयार होते. तसा बुद्ध मात्र बामियानला कधीच उभा नव्हता. झिजलेल्या घड्यांवर ताजा रंग चढवला की दोन भिन्न काळ एका अंगावर येतात. शिवाय आकारासाठी मोजणी, रंगासाठी प्रयोगशाळा आणि चेहऱ्यासाठी निव्वळ साधर्म्य, असे तीन भिन्न प्रतींचे पुरावे एकाच चकचकीत पृष्ठभागाखाली झाकले जातात.

या व्यवसायात यासाठी नियम नाहीत असे नाही. संगणकीय दृश्यांकनासाठीच्या लंडन सनदेने, जिची सुधारित आवृत्ती 2009 ची आहे, असे सांगितले आहे की प्रतिकृतीबरोबर ती कशी घडली याची नोंद, म्हणजे तिथल्या परिभाषेत पॅराडेटा, द्यायला हवी आणि पुराव्याने सिद्ध भाग कोणता व तर्काने भरलेला कोणता हे पाहणाऱ्याला कळायला हवे. त्याच्या कितीतरी आधी, 1964 च्या व्हेनिस सनदेने प्रत्यक्ष वास्तूंबाबत असे म्हटले होते की जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. संगणकात अटकळीला खर्च नाही आणि दगडही लागत नाही, म्हणून ती अधिक सहज केली जाते, एवढाच काय तो फरक.

माझ्या मते बामियानसाठी एकच प्रतिकृती करण्याचा हट्ट सोडून निदान तीन वेगळ्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर तिचा काळ लिहावा. पहिली 1970 ची, मोजलेली. दुसरी विध्वंसानंतरच्या रिकाम्या कोनाड्याची, लेसर स्कॅनवर आधारलेली. असे स्कॅन आखेनच्या विद्यापीठातील मायकेल यान्सेन यांच्या गटाने केले असून नेमकेपणात ते सर्वांत पुढे आहेत. तिसरी सातव्या शतकातली. तिच्यात चेहरा आणि हात धूसर किंवा निव्वळ बाह्यरेषेत दाखवावेत. तिसरी पाहून सामान्य प्रेक्षकाची निराशा होईल हे मान्य आहे. तो चेहरा पाहायलाच आलेला असतो.

मूर्तीभोवतीचे खोरे

2003 मध्ये युनेस्कोने बामियानची जागतिक वारसा यादीत आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्या यादीत नोंद केली. नोंद दोन मूर्तींची नव्हे, तर खोऱ्याच्या सांस्कृतिक भूदृश्याची आहे, आणि तिच्या आठ भागांत कड्याबरोबर कक्रक व फोलादी या उपखोऱ्यांतील गुंफा, शहर-ए-झोहाकचा किल्ला आणि 1221 मध्ये चंगेझखानाच्या सैन्याने उद्ध्वस्त केलेले शहर-ए-घोलघोला हे नगर येते. झुरिचच्या गटानेही पुढे आपले काम मूर्तीपुरते न ठेवता उपग्रहप्रतिमांवरून खोऱ्याच्या उंचसखलपणाची प्रतिकृती तयार केली आणि तिच्यात कडा, कोनाडे व मूर्ती बसवल्या.

हे काम मूर्तीच्या कामाइतके गाजले नाही, पण त्याची किंमत कमी नाही. मूर्ती कोनाड्यातून काढून काळ्या पडद्यावर फिरवली की तिचे माप नाहीसे होते. खोऱ्यात उभी केली की ती व्यापारी तांड्यांना कुठून दिसत असेल, मठांतून किती दिसत असेल, असे प्रश्न विचारता येतात. ह्युएन त्संगने राजनगरीच्या संदर्भात मूर्तींची दिशा सांगितली आहे, आणि तो ताळा एकट्या मूर्तीच्या प्रतिकृतीत घेताच येत नाही.

मात्र भूदृश्याच्या बाबतीत काळाचा गोंधळ आणखी वाढतो. जमिनीचा चढउतार फारसा बदलत नाही, म्हणून आजच्या उपग्रहप्रतिमेवरून काढलेला डोंगर सातव्या शतकासाठी वापरता येतो. शेते, पाट, झाडे, वस्ती आणि नदीचे पात्र यांना ते लागू नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी शीतयुद्धातील हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे 1995 पासून खुली आहेत आणि ती अशा कामात फार उपयोगी पडतात. त्याआधीच्या काळासाठी प्रवाशांची चित्रे आहेत. अलेक्झांडर बर्न्स 1832 मध्ये इथून गेला आणि त्याने मूर्तींचे चित्र प्रसिद्ध केले. ते मोजण्यासाठी नव्हे, तर तेव्हा काय दिसत होते एवढे ताडण्यासाठी वापरावे. त्याच्याही मागे गेले की उत्खनन आणि मजकूर एवढेच उरते. ज्या प्रतिकृतीत डोंगर मोजलेला आणि हिरवीगार शेते कल्पनेने पेरलेली असतात, तिच्यात दोन्ही सारख्याच ठाशीवपणे दिसतात, ही मूर्तीच्या चेहऱ्याचीच अडचण आहे, फक्त कित्येक चौरस किलोमीटरांवर पसरलेली.

कोनाडा रिकामा, प्रकाश भरलेला

प्रत्यक्ष मूर्ती पुन्हा उभाराव्यात की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. मोठा कोनाडा विध्वंसाची साक्ष म्हणून रिकामा ठेवावा आणि लहान मूर्तीचे तुकडे शक्य असल्यास जुळवावेत, अशा दिशेने तज्ज्ञांचे मत वळले होते. लहान कोनाड्यात आधारासाठी म्हणून बांधलेले खांब पायांसारखे दिसू लागले, तेव्हा युनेस्कोने ते काम थांबवायला लावले. यादरम्यान 2015 च्या जूनमध्ये एका चिनी दांपत्याने मोठ्या कोनाड्यात प्रकाशाने मूर्ती साकारली आणि रात्री जमलेल्या लोकांनी ती पाहिली. 2021 च्या मार्चमध्ये, विध्वंसाला 20 वर्षे झाली तेव्हा, पुन्हा असेच प्रक्षेपण झाले.

अभ्यासक या प्रक्षेपणांकडे जरा नाक मुरडून पाहतात, कारण त्यांचा पुरावा कोणता हे कोणी सांगत नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. प्रकाशाची मूर्ती काही तासांत विझते आणि कोनाडा होता तसा राहतो. मागच्या भिंतीला धक्का लागत नाही, व्हेनिस सनदेचा भंगही होत नाही. शिवाय स्थानिक हजारा लोकांसाठी या मूर्ती बुद्धाच्या नव्हत्याच मुळी. त्या सलसाल आणि शाहमामा या प्रेमी जोडीच्या होत्या, आणि ही कथा कोणत्याही स्कॅनमध्ये येत नाही. पुनर्रचनेत कोणता काळ घ्यायचा हे ठरवताना सलसाल-शाहमामाच्या काळालाही जागा असायला हवी, कारण त्या उडवल्या गेल्या तेव्हा त्या खोऱ्यात राहणाऱ्यांसाठी त्या हेच होत्या.

मोजणीच्या बाजूने अजून बरेच काम शिल्लक आहे. कडा पिंडाश्म (गोटे चिकटून बनलेला खडक) आणि गाळाच्या बारीक खडकाच्या आलटूनपालटून आलेल्या थरांचा आहे, त्यामुळे तुकड्यातील थर कड्याच्या कोणत्या उंचीशी जुळतो हे पाहून तो मूर्तीच्या कोणत्या भागातला असावा याचा अंदाज बांधता येतो. अशा रीतीने जागा ठरलेला प्रत्येक तुकडा 1970 च्या प्रतिकृतीत बसवून पाहता येतो, आणि तो बसला नाही तर चूक तुकड्याची जागा ठरवण्यात आहे की तीन काचपट्ट्यांवरून काढलेल्या पृष्ठभागात, हे शोधावे लागते.